कंबरेच्या घेरावर विम्याचा हप्ता

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या क्लेरियन हेल्थ या रुग्णालय-समूहाने २००७ साली आपल्याच कर्मचाऱ्यांना कळवलं, की २००९ पासून ज्यांचा बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त भरेल, त्यांच्या प्रत्येक पगारातून आरोग्य विम्यापोटी १० डॉलर जादा कापले जातील. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर मर्यादेबाहेर गेली तर त्याचे आणखी वेगळे. लोक इतके दुखावले की व्यवस्थापनाला ही दंडाची योजना बदलून बक्षिसाची करावी लागली. पण कल्पना मागे पडली नाही. पुढच्याच वर्षी अलाबामा राज्य सरकारने आपल्या ३७ हजारांहून अधिक नोकरदारांसाठी ठरवलं: लठ्ठपणा असेल आणि तो कमी करायला काही हालचाल केली नाही, तर महिन्याला २५ डॉलर जास्त.

बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन ८७ किलो झालं, की त्याचा बीएमआय ३० ओलांडतो. एवढ्या एका भागाकारावरून कुणाचा पगार कमी करावा का? हा प्रश्न न्यायाचा आहे, तसाच विज्ञानाचाही आहे. दंड लावल्याने वजन खरंच उतरतं का? उतरत नसेल, तर तो पैसा नेमका कशाचा घेतला? मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला आधी पहिल्याचा निकाल लावायला हवा.

मालकाने कामगाराच्या वजनात लक्ष घालायचं कारण काय, हेही समजून घेऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अमेरिकेने पगारवाढीवर बंधनं घातली. माणसं तर हवी होती. मग कंपन्यांनी पगाराऐवजी आरोग्य विमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने त्यावरची करसवलत पक्की केली आणि ती तात्पुरती सोय कायमची व्यवस्था होऊन बसली. आज पासष्टीच्या आतल्या निम्म्याहून अधिक अमेरिकनांचा विमा नोकरीला बांधलेला आहे. मोठ्या कंपन्या तर विमा कंपनीकडून फक्त कागदोपत्री काम करून घेतात, उपचारांची बिलं स्वतःच्या खिशातून भरतात. त्यामुळे कामगाराचा मधुमेह हा कंपनीच्या ताळेबंदातला खर्च होतो.

प्रकृती बरी नाही म्हणून एकाच योजनेतल्या एका कर्मचाऱ्याकडून दुसऱ्यापेक्षा जास्त हप्ता घ्यायला १९९६ च्या कायद्याने बंदी घातली. मात्र त्यात एक दार उघडं राहिलं: ‘वेलनेस प्रोग्रॅम’, म्हणजे कर्मचाऱ्यांची तब्येत सुधारण्यासाठी कंपनीने चालवलेली योजना, असेल तर फरक करता येईल. आधी या फरकाची मर्यादा विम्याच्या एकूण खर्चाच्या २० टक्के होती. ओबामांच्या काळातल्या २०१० च्या आरोग्य कायद्याने ती ३० टक्क्यांवर नेली, तंबाखूसाठी ५० टक्क्यांपर्यंत. २०१४ पासून हे लागू झालं.

ही वाढ झाली त्यात सेफवे या किराणा साखळीचा मोठा वाटा होता. तिचे प्रमुख स्टीव्ह बर्ड यांनी जून २००९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लिहिलं, की इतर कंपन्यांचा आरोग्यावरचा खर्च चार वर्षांत ३८ टक्के वाढला, आमचा जागचा हलला नाही. तंबाखू, वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या चार चाचण्यांत उत्तीर्ण होणाऱ्याला सेफवे वर्षाला ७८० डॉलर सवलत देत होती, कुटुंबाला १,५६०. वॉशिंग्टनमध्ये ही गोष्ट सगळ्यांच्या तोंडी झाली. जानेवारी २०१० मध्ये वॉशिंग्टन पोस्टने हिशेब तपासला. खर्च उतरला होता तो २००६ मध्ये, कंपनीने विम्याची सगळी रचनाच बदलली तेव्हा. चार चाचण्यांची योजना आली २००९ मध्ये. जे औषध अजून दिलंच नव्हतं, त्याला गुण आल्याचं श्रेय मिळालं होतं. दोन महिन्यांनी कायदा झाला, आणि वाढीव मर्यादेचं कलम त्यात होतंच.

३० टक्के म्हणजे किती, ते पैशात मांडून बघू. २०२४ मध्ये नोकरीतल्या एका माणसाच्या विम्याचा सरासरी वार्षिक खर्च ८,९५१ डॉलर होता. त्याचे ३० टक्के म्हणजे जवळपास २,७०० डॉलर. तासाला १५ डॉलर कमावणाऱ्या गोदाम कामगाराची ही १८० तासांची मजुरी, महिन्याहून जास्त. कायद्यानुसार चाचणीत नापास झालेल्याला पर्यायी वाट द्यावी लागते, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला किंवा आहाराचे वर्ग. पण दोन पाळ्या करणाऱ्या बाईने त्या वर्गाला जायचं कधी?

आता पहिला प्रश्न: दंडाने वजन उतरतं का? पुण्यात रोज पहाटे पर्वती चढणारे लोक बघा. साठी-सत्तरीतही ताठ, उत्साही. पर्वतीने त्यांना धडधाकट केलं, की ज्यांचे गुडघे आणि हृदय शाबूत आहे तेच पर्वती चढतात? नुसतं बघून सांगता येत नाही. वेलनेस प्रोग्रॅमचे जुने अभ्यास नेमके इथे फसले होते. भाग घेणारे आणि न घेणारे यांची तुलना करायची, भाग घेणाऱ्यांचा खर्च कमी दिसला की योजना यशस्वी म्हणायची. कॅथरीन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग या संशोधकांनी २०१० मध्ये असे उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा योजनेवर खर्चलेल्या दर डॉलरमागे औषधोपचाराचे ३.२७ डॉलर वाचतात असं उत्तर आलं. कंपन्यांनी तो आकडा उचलून धरला.

पण त्याच बेकर आणि साँग यांनी पुढे स्वतःच्या निष्कर्षाची कडक परीक्षा घेतली. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीच्या १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणं त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि फक्त तिथे वेलनेस प्रोग्रॅम चालवला. जवळपास ३३ हजार कर्मचारी या प्रयोगाच्या कक्षेत होते. दीड वर्षानंतर, ‘आम्ही नियमित व्यायाम करतो, वजनावर लक्ष ठेवतो’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाण त्या २० ठिकाणी वाढलं होतं. पण बीएमआय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, दवाखान्याचा खर्च, गैरहजेरी, यांपैकी कशातही ठोस फरक नव्हता. २०१९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातल्या सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवरचा प्रयोगही प्रसिद्ध झाला. त्याचंही उत्तर तेच, आणि शिवाय पर्वतीचं कोडंही त्यात सुटलं: योजनेत उत्साहाने उतरणारे लोक योजना सुरू होण्याआधीपासूनच कमी खर्चाचे होते.

हप्त्याचाच वापर करून वजन उतरतं का, याचीही थेट चाचणी झाली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आरोग्यसेवेतल्या १९७ लठ्ठ कर्मचाऱ्यांपुढे वजन ५ टक्के कमी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. काहींना ते गाठल्यास हप्त्यात ५५० डॉलर सूट: कुणाला लगेच, कुणाला पुढच्या वर्षी. वर्षाअखेर कुठल्याच गटाचं वजन लक्षात येण्याइतकं उतरलं नव्हतं.

का नाही उतरलं? ‘इच्छाशक्ती कमी पडली’ हे उत्तर आपल्या जिभेवर तयार असतं. मात्र शरीराचा अभ्यास वेगळं सांगतो. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९८६ मध्ये डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास केला. मोठेपणी त्यांचं वजन जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होतं. ज्यांच्या ताटात जेवून ते वाढले त्यांच्याशी नाही. वातावरणाला महत्त्व नाही असा याचा अर्थ मुळीच नाही. गेल्या ४०-५० वर्षांत जगभर वजनं वाढली, एवढ्यात काही आपली जनुकं बदललेली नाहीत. पण एकाच वातावरणात कोण जाड होईल आणि कोण नाही, यात जनुकांचा वाटा मोठा असतो.

त्यातही खरी अडचण वजन उतरल्यानंतर सुरू होते. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० लठ्ठ व्यक्तींना १० आठवडे अगदी कमी आहारावर ठेवलं. सरासरी साडेतेरा किलो उतरले. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचं संप्रेरक स्रवतं, ते मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असं कळवतं. ते एकदम घटलं. जठरातून येणारं घ्रेलिन भूक लावतं, ते वाढलं. एवढं अपेक्षितच होतं. धक्का पुढे बसला: वर्षभरानंतर तपासलं तरी ही संप्रेरकं मूळ पदावर आली नव्हती, लोकांना आधीपेक्षा जास्त भूक लागत होती आणि गेलेलं वजन परतू लागलं होतं. उपासमारीत जगलेल्या हजारो पिढ्यांनी आपल्या शरीराला साठा सांभाळायला शिकवलं आहे. महिन्याच्या २५ डॉलरने ती शिकवण पुसली जात नाही.

माझ्या आईने तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या. पहाटे दोनला डबा खायचा, सकाळी घरी येऊन आमचा स्वयंपाक, मग मिळेल तेवढी झोप. तिचं वजन याच वर्षांत वाढलं. रात्रपाळी आणि लठ्ठपणा यांचा संबंध आता अनेक अभ्यासांत दिसतो. कामाने वाढवलेल्या वजनाचा दंड काम देणाऱ्यानेच घ्यावा, हे मला कधीच पटणार नाही.

त्यात मोजपट्टीचा गोंधळ. याची जगप्रसिद्ध साक्ष पुण्यातली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा राहिलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास केला, तेव्हा मूळ जन्मापर्यंत पोचलं: आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र जवळपास तितकीच. म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ वर धरतात. सेफवेसारख्या परीक्षेत सडपातळ दिसणारा, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा मराठी इंजिनिअर वजनाच्या रकान्यात आरामात पास झाला असता. जाड पण तंदुरुस्त असलेला त्याचा सहकारी पैसे भरत राहिला असता.

पैशाने माणसं कधीच बदलत नाहीत, असं मात्र नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या ८७८ धूम्रपान करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रयोगात ७५० डॉलरपर्यंतचं बक्षीस ठेवलेल्या गटात १४.७ टक्क्यांनी सिगारेट सोडली, बक्षीस नसलेल्या गटात ५ टक्क्यांनी. पण तेही बक्षीस होतं, हप्त्यातली वाढ नव्हती. विम्याच्या बाजारात धूम्रपान करणाऱ्यांवर जादा हप्ता बसवला गेला, तिथे लोकांनी सिगारेट सोडली नाही, विमा घेणंच सोडलं. २०२१ मध्ये डेल्टा एअरलाइन्सने कोविडची लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांना महिन्याला २०० डॉलर जादा लावायचं जाहीर केलं. तेव्हा ७४ टक्क्यांनी लस घेतली होती, दोनेक महिन्यांत ते प्रमाण ९० टक्क्यांवर गेलं. दुसरे दबावही होते, तरी लस आणि वजन यांतला फरक उघड आहे. लस घ्यायला अर्धा तास लागतो आणि तो निर्णय माणसाच्या हातात असतो. वजन हा निर्णयच नाही. जनुकं, झोप, कामाची पाळी, औषधं, पगार, घराजवळ काय मिळतं, अशा शेकडो गोष्टींचा तो परिणाम आहे.

तर मग जादा हप्ता काय करतो? तो बिल एकाकडून काढून दुसऱ्याकडे सरकवतो. २०१३ मध्ये जिल हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवून दिलं: अशा योजनांत कंपनीची बचत झाली, तर ती लोक निरोगी झाल्यामुळे नव्हे, तर आजारी कामगारांच्या अंगावर खर्च टाकल्यामुळे होण्याची शक्यता जास्त, आणि हे कामगार बहुधा कमी पगाराचे असतात. त्याआधी २००९ मध्ये जय भट्टाचार्य आणि केट बंडॉर्फ यांना आणखी एक गोष्ट आढळली होती. जिथे विमा मालक देतो, तिथे लठ्ठ कर्मचाऱ्यांचा रोख पगार इतरांपेक्षा कमी होता. विमा नसलेल्या नोकऱ्यांत असा फरक दिसला नाही. म्हणजे वेगळा दंड लावण्याआधीच ते आपल्या वजनाची किंमत पगारातून भरत होते.

वजनावर खरोखर चालणारी औषधं आता आली आहेत. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, कारण ते भुकेच्या त्याच यंत्रणेवर काम करतं. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या कर्मचारी विम्याने खर्च झेपत नाही म्हणून १ एप्रिल २०२४ पासून वजनासाठी ही औषधं देणं थांबवलं.

आपल्याकडे स्वतंत्र आरोग्य विमा घेताना वजन, उंची, तंबाखू विचारतात आणि त्यावरून हप्ता वाढवतातही. कंपनीच्या गट विम्यात सहसा तसं होत नाही, पण पावलं मोजणारी अ‍ॅप आणि वार्षिक तपासणीची शिबिरं पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांत रुळली आहेत. ती माहिती उद्या हप्त्याशी जोडायची का, हे आपणच ठरवायचं आहे. त्यासाठी घरातला नमुना आहे: १९४८ च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय. तिथे कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. २०,००० रुपये पगार असेल, तर कामगाराचे १५० रुपये. कंबर कितीही असो.