इंजिनातला जाळ पेटतो कसा? गाडीच्या इंजिनांची पार्श्वभूमी

सोलापूरला आगगाडी आली ती १८६० मध्ये. त्या काळी इंजिन म्हणजे धगधगती भट्टी, पुढे लांबलचक बॉयलर आणि वाफेच्या जोरावर मागेपुढे होणारा दट्ट्या. जाळ एकीकडे, काम दुसरीकडे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये एत्येन लेनवार याने भट्टी आणि बॉयलर दोन्ही वगळलेल्या इंजिनाचं पेटंट घेतलं. दिव्यांना पुरवला जाणारा गॅस आणि हवा थेट सिलिंडरमध्ये घ्यायची आणि तिथेच ठिणगीने पेटवायची. हे इंजिन भलतंच खादाड होतं, कारण त्यात मिश्रण न दाबताच पेटवलं जाई.

दाबून पेटवलं की तेवढ्याच इंधनातून कितीतरी जास्त काम निघतं, हे प्रत्यक्ष चालवून दाखवलं निकोलाउस ऑटो याने, १८७६ मध्ये. आत ओढा, दाबा, पेटवा, धूर बाहेर टाका. गॅरेजात आजही मिस्त्री नव्या पोराला पहिला धडा हाच देतो : सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, सोलापुरात ‘जुनी मिल’ या नावाने ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली. गिरणगावाचं युग वाफेवर सुरू होत होतं, आणि वाफेला घरी बसवणारं इंजिन जर्मनीत तयार होऊन चालत होतं.

ऑटोचं इंजिन एका जागी बसवायचं होतं. त्याला चाकांवर आणलं कार्ल बेन्झने १८८६ मध्ये. तीन चाकं, एक सिलिंडर, ९५४ सीसी आणि ताकद एक अश्वशक्तीही नाही. दोन वर्षांनी त्याची बायको बर्था मुलांना घेऊन त्या गाडीने मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला गेली. वाटेत इंधन संपलं तेव्हा तिने ते औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. डाग काढायला वापरायचं लिग्रोइन होतं ते. पेट्रोल गाड्यांची गोष्ट इथून सुरू होते.

मग येतं १८९७ साल. आपल्या जिल्ह्यात बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, बार्शी टाऊन ते बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी. अडीच फुटी रूळ आणि अर्थातच वाफेचं इंजिन. त्याच वर्षी आउग्सबुर्गला रुडॉल्फ डिझेलचं इंजिन चाचणीत उतरलं. यात ठिणगीच नाही. नुसती हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन सोडलं की ते स्वतःहून पेट घेतं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना, तेच हे, फक्त शेकडो अंशांपर्यंत नेलेलं. पेट्रोल इंजिनात मिश्रण साधारण दहापट दाबतात, डिझेलमध्ये हवा पंधरा ते वीसपट. म्हणून डिझेलचा ब्लॉक जाड, वजन जास्त, आवाज खणखणीत. आणि म्हणूनच त्याच लिटरभर इंधनात ते जास्त चालतं.

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्या शेंगाचटणीच्या गावात ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पेट्रोल आणि डिझेल इंजिनांतला फरक मला पुस्तकाआधी कळला तो मोहोळच्या अलीकडे, बंद पडलेल्या जीपशेजारी उभं राहून. टाकी कोरडी पडली होती, डिझेल आणून ओतलं, तरी गाडी चालू होईना. मिस्त्री आला आणि म्हणाला, "एअर घेतलीय." त्याने फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि हातपंप दाबत राहिला. आधी फसफसणारे बुडबुडे आले, मग हळूहळू नितळ डिझेलची धार. बोल्ट आवळला, सेल मारला, गाडी चालू. पाइपात हवा अडकली तर ती दबते आणि सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या नॉझलपर्यंत दाब पोचतच नाही. पेट्रोल गाडी अडली की मिस्त्री आधी प्लग काढून ठिणगी बघतो; डिझेलला बघायला ठिणगीच नसते.

हा दाब सांभाळणारा नेमका पंप येईपर्यंत डिझेल मोटारीत शिरलंच नाही. बॉशने असे पंप १९२७ पासून मोठ्या संख्येने काढले, आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची २६०डी आली. आपल्याकडे डिझेल आधी विहिरीवर, ट्रकवर आणि एसटीत रुजलं. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली आणि डिझेल छोट्या घरगुती गाडीत पोचलं. कॉमन रेलने, म्हणजे सगळ्या नॉझलना एकाच दाबाच्या नळीतून इंधन देण्याच्या पद्धतीने, त्याचा खडखडाटही कमी केला. पण १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुरावरचे कडक निकष, लागू झाले आणि धूर गाळायची यंत्रणा छोट्या डिझेल गाडीला परवडेना. मारुतीने तर डिझेल बंदच केलं.

सीएनजी हा वेगळा प्रकार वाटतो, पण इंजिन पेट्रोलचंच, ठिणगीचंच. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गॅस हवेची जागा खातो, म्हणून ताकद थोडी उतरते. दट्ट्याच्या दोनच फेऱ्यांत काम उरकणारं टू-स्ट्रोक धुरापायी गेलं, व्हँकेलचं फिरतं इंजिन तेल आणि इंधन पिण्यापायी मागे पडलं. सिलिंडर एका रांगेत की व्ही आकारात, हा मुख्यतः जागेचा आणि थरथरीचा प्रश्न.

पेट्रोल असो, डिझेल असो की गॅस, ओढा-दाबा-पेटवा-टाका अशा चार टप्प्यांच्या या सगळ्या फोर-स्ट्रोक इंजिनांत, आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह (झडपा) कधी उघडायचे ते ठरवतो कॅमशाफ्ट. आणि इथे सोलापूर कथेत नुसतं साक्षीदार राहत नाही. १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथल्या अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीत कॅमशाफ्ट बनवते, आणि ते देशोदेशीच्या गाड्यांत बसतात. एक हातात घेऊन बघा : लांब दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे, म्हणजेच कॅम. ओतकामात साच्यामध्ये उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. तिथे रस झटकन थिजतो आणि बिडाचा तेवढाच भाग काचेसारखा कठीण होतो. इंजिनाच्या निम्म्या वेगाने हा दांडा फिरतो आणि प्रत्येक उंचवटा आपल्या वेळेला आपला व्हॉल्व्ह ढकलतो.

त्या उंचवट्याचा आकार जरा बदलला की इंजिनाचा स्वभाव बदलतो. १९९७ च्या टोयोटा प्रियसमध्ये आत घेणारा व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद होतो; ताकद थोडी जाते, इंधन वाचतं, आणि जी उणीव राहते ती विजेची मोटर भरून काढते. निव्वळ विजेच्या गाडीत मात्र ना व्हॉल्व्ह, ना कॅम. सोलापूरच्या याच कंपनीने २०१८ मध्ये विजेवरचे ट्रक बनवणाऱ्या इमॉस या डच कंपनीत मोठा हिस्सा घेतला.