चहा पिऊन रंग काळा होतो का?

‘चहा पिऊ नकोस, काळी पडशील.’ घरोघरी मुलांना, त्यातही मुलींना हे ऐकवलं जातं. ते खरं वाटणं स्वाभाविक आहे. कपातला रंग डोळ्यांना दिसतोच. पण सावळ्या मुलीला त्यातून स्वतःच्या रंगाची लाज वाटू लागते, हे मला फार सलतं.

चहाला रंग येतो कुठून? हिरवी पानं चुरडली की त्यांतल्या द्रव्यांचा हवेशी संयोग होतो आणि ती तांबूस-काळसर होतात. चिरलेलं वांगं काळं पडतं, साधारण तसंच. त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन या वेगळ्याच द्रव्यामुळे असतो. ते त्वचेतल्याच पेशी तयार करतात. किती, हे आईवडिलांकडून आलेली जनुकं आणि ऊन ठरवतात. चहातल्या रंगाचं पोटात गेल्यावर मेलॅनिन होत नाही.

पडताळा घरीच घ्या. रोज चहा पिणाऱ्या, उन्हात फिरणाऱ्या कुणालाही घड्याळ काढायला सांगा. पट्ट्याखालची कातडी उजळ, शेजारची रापलेली. चहा दोन्हीकडे सारखाच, फरक उन्हाचा.

चहाचे डाग दातांवर मात्र पडतात. लहान मुलांना तो न देण्याची कारणंही खरी आहेत: कॅफीनमुळे झोप उडते, आणि जेवणाबरोबर घेतला तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. म्हणून मोठ्यांनीही तो जेवणानंतर तासाभराने घेतलेला बरा.