पारसिकच्या कुशीतल्या दगडखाणी : एका 'गौण' वस्तीची पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या तुर्भे स्टोअरवरून डोंगराकडे पाहिलं की पारसिकची रांग मध्येच उभी चिरल्यासारखी दिसते. झाडी संपते आणि काळा कडा सुरू होतो. कड्याच्या तळाशी पावसाच्या पाण्याने भरलेले खड्डे आणि त्यांच्या काठाला धरून पत्र्याची घरं. नवी मुंबईच्या कितीतरी रस्त्यांखाली आणि स्लॅबमध्ये याच डोंगराची खडी आहे. लोखंडाच्या खाणीभोवती माणसं वसली की त्या ठिकाणाला खाणगाव म्हणतात. इथल्या वस्तीला मात्र कोणी खाणगाव म्हटलं नाही, आणि तिची बरीचशी फरफट त्यातूनच झाली आहे.

आधीचा काळ थोडक्यात सांगायचा तर खाली खाडीकाठी आगरी-कोळ्यांची गावं, भातशेती, मिठागरं, मासेमारी आणि वर रानात आदिवासी पाडे. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, 1970 पासून नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनींचं संपादन टप्प्याटप्प्याने जाहीर होत गेलं आणि 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला. भराव, रस्ते, पाया, सगळ्यालाच दगड हवा होता आणि डोंगर हाताशी होता.

दगड फोडायला आले ते मुख्यतः वडार. कोणी सोलापूरकडचे, कोणी कर्नाटकातले, कोणी तेलंगणातले. त्यांच्यासोबत लमाण तांड्यांतली माणसंही आली. वस्तीतली जुनी माणसं अजूनही 72 सालाचं नाव घेतात. त्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडूनच पोट भरलं होतं. ज्यांचा तो पिढीजात धंदा नव्हता, त्यांच्याही हातात तेव्हा घण आला. वडारांत माती वडार, गाडी वडार, दगड वडार असे कामावरून पडलेले भेद. दगड वडारांच्या बायका पाटे-वरवंटे विकायच्या, गल्लोगल्ली फिरून गुळगुळीत झालेल्या पाट्यांना टाकी लावून द्यायच्या. ती टाकी मी जवळून पाहिली आहे. छिन्नीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्यापासून नेमक्या अंतरावर, आणि सगळा पाटा कसा माशाच्या खवल्यासारखा दिसायचा. हे कसब असलेल्या हातांना खाणीत काम मिळालं ते ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. जेवढे ब्रास भरतील तेवढे पैसे, आणि ते भरायला नवरा, बायको, पोरं सगळेच लागायचे.

आता मुख्य गुंता, 'खाण' या शब्दाचा. 1957 च्या खनिज कायद्याने बांधकामाचा दगड 'गौण खनिज' ठरवला. लोहखनिज मुख्य, खडी गौण. गौण खनिजाचे नियम राज्याने करायचे, स्वामित्वधनही (रॉयल्टी) राज्याचं. हिशेबापुरतं हे ठीक होतं. पण तो 'गौण' पुढे माणसांनाही चिकटला. 1976 मध्ये लोह, मँगनीज आणि क्रोम खनिजाच्या खाणींतल्या कामगारांसाठी केंद्राने वेगळा कल्याण निधी कायदा केला. आरोग्य, घरं, मुलांचं शिक्षण यांसाठी. दगडखाणींचा त्यात समावेश नव्हता.

त्याहून अवघड प्रश्न 1952 च्या खाण कायद्याचा. बांधकामाच्या दगडाच्या उघड्या खाणीला त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदींतून सूट होती, पण अटींवर: खोली सहा मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं कामावर नकोत, स्फोटकं वापरायची नाहीत. आता कोणीही पारसिकचा कडा पाहावा. सहा मीटर म्हणजे जेमतेम दोन मजले. हे कडे त्याच्या कितीतरी पट उंच आहेत. आणि सुरुंगाशिवाय काळा पाषाण सुटत नाही. दुपारी शिट्टी वाजली की पोरांना घरात ओढून घ्यायचं, हा वस्तीचा रोजचा पाठ होता. म्हणजे कायद्याच्या भाषेत ही खाणच होती. कागदावरही जमिनीचं नाव 'खाणपट्टा' होतं. फक्त तिथल्या माणसाला खाणकामगार म्हणायची वेळ आली की सगळे 'क्वारीवरचा मजूर' म्हणायचे. हजेरीपट नाही, ओळखपत्र नाही, अपघाताची नोंद नाही. माझ्या मते इथल्या इतिहासातला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे, आणि तो कोणी ठरवून केलेल्या एका निर्णयाने झाला नाही, योग्य शब्द न वापरल्याने झाला.

दुसरा गुंता तारखांचा. नव्या शहराचे मूळ रहिवासी म्हणजे जमीन गेलेले प्रकल्पग्रस्त. त्यांनी 1984 च्या आंदोलनात आपली पाच माणसं गमावून हक्क मिळवला, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड त्यातूनच आले, आणि त्याबद्दल आदरच आहे. पण खाणीवरच्या माणसाची जमीन गेली नव्हती, कारण ती नव्हतीच. तो ना प्रकल्पग्रस्त, ना भूमिपुत्र. झोपडीच्या संरक्षणाची तारीख आधी 1 जानेवारी 1995, मग 1 जानेवारी 2000. पण खाणपट्ट्यावरच्या झोपडीला तेव्हाची वीजबिलं कुठून असणार? जातीच्या दाखल्याला तर महाराष्ट्रात विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. इथे विमुक्त असलेला वडार समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो, तेलंगणात मागासवर्गात. सीमा ओलांडली की जात तीच, यादी वेगळी. दाखल्याच्या रांगेत एका मुलीच्या हातात प्लास्टिकची पिशवी पाहिली होती. आत तिचा शाळेचा दाखला, वडिलांचं रेशनकार्ड आणि आजोबांचा फोटो. फोटोत आजोबा घण घेऊन उभे. तो पुरावा धरला गेला नाही.

2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक झाली. पारसिकमधल्या खाणी त्यानंतर अडखळत, थांबत गेल्या. डोंगर वाचायला हवाच होता. धूळ याच वस्तीने सर्वात जास्त खाल्ली. मात्र खाणी थांबल्यावर चर्चा झाली ती खडीच्या भावाची. त्याच सुमारास पलीकडे विमानतळासाठी नव्वदेक मीटरची उलवे टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली.

वस्ती आहे तिथेच आहे. तरुण पोरं माथाडीत, नाक्यावर, डिलिव्हरीला जातात. पाटा घरोघरी मिक्सरने घालवला, तरी एक-दोन दारांत तो अजून उभा दिसतो, टाकी झिजलेला. शेजारी, खाणीच्या खड्ड्यातल्या पाण्यावर, कपडे धुतले जातात.