मेसोथेलिओमा की फुप्फुसाचा कॅन्सर? ॲसबेस्टॉसच्या बळींचा हिशेब

ब्रिटनमध्ये ॲसबेस्टॉस या तंतुमय खनिजाने दरवर्षी किती माणसे मरतात, या प्रश्नाला दोन उत्तरे ऐकू येतात: दोन-अडीच हजार आणि पाच हजारांच्या वर. दोन्ही सरकारीच. पहिला आकडा फक्त मेसोथेलिओमा या एका कॅन्सरचा आहे, पण बऱ्याचदा तोच 'ॲसबेस्टॉसचे एकूण बळी' म्हणून सांगितला जातो.

मेसोथेलिओमा हा फुप्फुसाचा कॅन्सर नव्हे. तो फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाला होतो, क्वचित पोटातल्या आवरणालाही. सिगारेटचा त्याच्याशी संबंध नाही. १९६० साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ॲसबेस्टॉसच्या खाणपट्ट्यातले ३३ रुग्ण मांडले. त्यांतले काही जण खाणीत कधीच उतरले नव्हते, नुसते आसपास राहत होते. नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. तंतू छातीत गेल्यावर तीस-चाळीस वर्षे काही कळत नाही आणि निदान झाल्यावर बहुतेकांच्या हाती जेमतेम वर्ष-दीड वर्ष उरते. मृत्यूच्या दाखल्यावर हे नाव आले, की कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ब्रिटनकडे १९६८पासूनच्या अशा मृत्यूंची नोंद आहे. म्हणजे हा आकडा मोजलेला.

ॲसबेस्टॉसने होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे तसे नाही. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याचा पुरावा आधी मिळाला होता. १९५५मध्ये ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल यांनी ॲसबेस्टॉसच्या धुळीत वीस वर्षांहून जास्त काम केलेल्या ११३ पुरुषांचा मागोवा घेतला. एरवी या कॅन्सरने एखादाच मृत्यू अपेक्षित होता, प्रत्यक्षात झाले ११. पण सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ विडी-सिगारेटवाल्याच्या गाठीसारखीच दिसते. त्यात कामगार बहुधा धूम्रपान करणारा. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्या १९७९च्या आकडेवारीत या दोन्हींपासून लांब असलेल्याचा धोका १ धरला, तर नुसत्या ॲसबेस्टॉसने तो ५ पट, नुसत्या सिगारेटने ११ पट आणि दोन्ही मिळून ५३ पट होता. आता अशा माणसाचा मृत्यू कोणाच्या खात्यावर लिहायचा? दाखल्यावर फक्त 'फुप्फुसाचा कॅन्सर' येते आणि नातेवाईकही म्हणतात, सिगारेटीने गेला.

म्हणून हा आकडा अंदाजाने काढावा लागतो. ब्रिटनमध्ये मेसोथेलिओमाच्या एका मृत्यूमागे ॲसबेस्टॉसमुळे झालेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरचा साधारण एक मृत्यू धरतात. दोन हजारांचे पाच हजार होतात ते मुख्यतः असे. ॲसबेस्टॉसिसचे, म्हणजे या तंतूंनी फुप्फुस कडक होत जाण्याच्या आजाराचे, मृत्यू वेगळे. जगभरात वर्षाला दोन लाखांहून जास्त मृत्यू, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही अंदाजच आहे.

आपल्याकडे तर मोजलेला आकडाही भरवशाचा नाही. भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी पाचातल्या साधारण एकाच्याच कारणाला डॉक्टरचे प्रमाणपत्र असते. त्यामुळे 'भारतात मेसोथेलिओमा फारसा आढळत नाही' हे वाक्य मला आजाराबद्दल कमी आणि नोंदवहीबद्दल जास्त सांगते. ब्रिटनने निळा आणि तपकिरी ॲसबेस्टॉस १९८५मध्ये व पांढरा १९९९मध्ये बंद केला, तरी तिथे मेसोथेलिओमाने वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसे अजून जातात. आपले सिमेंटचे पत्रे ज्याने बनत आले, तो पांढराच, आणि तो आपण अजून बाहेरून मागवत आलो आहोत.