फॉरमॅट मारला तर विंडोजचं लायसन्स जातं का?

आमच्या दुकानाच्या काउंटरवर रोज येणारा प्रश्न आहे हा. "विंडोज अपग्रेड करून घेतलं होतं, आता मशीन फार स्लो झालंय. सगळं पुसून कोरं विंडोज टाकलं तर परत पैसे भरायला लागतील का?" बहुतेकांसाठी उत्तर 'नाही' असंच आहे. पण पुसण्याआधी पाच मिनिटं काढून काही गोष्टी बघून घ्याव्या लागतात. त्या न बघता फॉरमॅट मारलेली मशीनही आमच्याकडे येतात, म्हणून हे पत्रक.

लायसन्स डिस्कवर नसतं, हे आधी लक्षात घ्या. विंडोज १० पासून, म्हणजे २०१५ पासून, अपग्रेड होऊन एकदा ॲक्टिव्हेट झालं (म्हणजे लायसन्स खरं असल्याची खात्री पटली) की त्या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. ही ओळख मुख्यतः मदरबोर्डवरून ठरते. सातबारा जमिनीचा असतो. वरचं घर पाडून नवं बांधलं तरी उतारा बदलत नाही, तसंच हे. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी घाला, रॅम वाढवा, लायसन्स जागेवरच राहतं. मदरबोर्ड बदलला तर मात्र गोष्ट वेगळी. लॅपटॉपसोबत आलेलं विंडोज त्या बोर्डापुरतंच असतं. वॉरंटीत बोर्ड बदलून मिळाला असेल तर आमच्याकडे येण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं.

पूर्वी हे इतकं सरळ नव्हतं. विंडोज एक्सपीची स्वस्तातली अपग्रेड सीडी घेतली, की कोरं इन्स्टॉल करताना सेटअप मधेच थांबून जुन्या ९८ किंवा २००० ची सीडी घालायला सांगायचा. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टाची अपग्रेड 'की' (लायसन्सचा कोड) तर डीव्हीडीवरून बूट केल्यावर चालायचीच नाही. मग लोक आधी की न टाकता व्हिस्टा टाकायचे आणि त्यावरच पुन्हा व्हिस्टाचं अपग्रेड करायचे. विंडोज १० आलं तेव्हाही सुरुवातीला आधी अपग्रेड, मग फॉरमॅट असा क्रम होता. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आवृत्तीपासून ७ आणि ८ ची की थेट चालू लागली. "आधी अपग्रेडच करायला लागतं ना?" असं अजून बरेच जण विचारतात, ते त्या दिवसांमुळे. आता तुमच्या मशीनवर १० ॲक्टिव्हेटेड असेल आणि मशीन ११ साठी पात्र असेल, तर ११ थेट कोरं टाकता येतं. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

तुमचं मशीन कुठे बसतं?

सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे जा. (विंडोज १० वर 'अपडेट अँड सिक्युरिटी'मध्ये ॲक्टिव्हेशन सापडेल.) तिथे 'डिजिटल लायसन्स' हे शब्द दिसले की काम झालं. त्यापुढे 'लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट' असंही असेल तर उत्तमच. नसेल तर फॉरमॅटआधी अकाउंट जोडून घ्या, पुढे अडलं तर तेच कामाला येतं. त्याच पानावर एडिशन लिहिलेली असते: होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो. ती कागदावर लिहून ठेवा. आपल्याकडचे बरेच लॅपटॉप सिंगल लँग्वेजवाले असतात. त्यावर कुणी हौसेने प्रो टाकलं की ॲक्टिव्हेशन अडतं आणि दोष लायसन्सला लागतो.

उलटा प्रकारही होतो. होमवरून प्रो विकत घेतलेल्या लॅपटॉपवर कोरं विंडोज टाकताना सेटअप बायोसमधली (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेली) मूळ की वाचतो आणि न विचारता होमच टाकतो. घाबरू नका, प्रो बुडालेलं नाही. नेट जोडून त्याच अकाउंटने लॉगिन करा आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबा. प्रोचं लायसन्स नोंदलेलं असेल तर ते परत मिळतं.

ज्यांच्या मशीनवर विंडोज ७ चा स्टिकर आहे आणि १० कधी टाकलंच नाही, त्यांना मात्र निराश करावं लागतं. मोफत अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती. त्यानंतरही जुन्या की बरीच वर्षं चालत राहिल्या, पण २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. हे नसताना चोरवाटेने ११ बसवता येतं, पण आम्ही बसवून देत नाही. चार-पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळणारी कीसुद्धा टाकून देत नाही. त्यातल्या बऱ्याच कुठल्यातरी कंपनीच्या कोट्यातल्या असतात आणि पुढे कधीही ब्लॉक होऊ शकतात. तेव्हा तुम्ही आमच्याच दारात येणार!

घरी स्वतः करणार असाल तर

किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा. सेटअपने की मागितली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा. मशीनची ओळख सर्व्हरवर नोंदलेली आहे, नेट जोडलं की ॲक्टिव्हेशन होईल. एडिशन विचारली तर कागदावर लिहिलेलीच निवडा.

पुढच्या पायरीवर डिस्कची यादी येते, आणि अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर ती रिकामीच दिसते. "एसएसडी उडाली" म्हणून लोक घाईघाईने दुकानात येतात. एसएसडी धडधाकट असते, सेटअपकडे फक्त तिचा ड्रायव्हर (ती ओळखून चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर उघडून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'मधून तो दाखवा. वायफायचंही तेच. विंडोज ११ होमचा सेटअप नेटशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर नेट येणार कुठून? अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल.

डी ड्राइव्हवर फोटो आहेत, ते सुरक्षित आहेत असं गृहीत धरू नका. त्याच डिस्कवरचं चुकीचं पार्टिशन डिलीट झालं की गेलं. शिवाय हल्लीच्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं. नव्या विंडोजमधून डी उघडायला गेलात की ते ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. आधीच बघून लिहून घ्या, आणि बॅकअप बाहेरच्या डिस्कवरच घ्या.

दुकानदार आणि ऑफिसवाल्यांनी टॅलीचं लायसन्स फॉरमॅटआधी सरेंडर करावं. टॅलीचा डेटा पुष्कळदा सी ड्राइव्हवरच असतो, तो शोधून कॉपी करा. जुनी मराठी पत्रं सुरेखसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील तर ते फॉन्टही कॉपी करून ठेवा, नाहीतर पत्र उघडल्यावर नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात. लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस ज्या अकाउंटने सुरू केलं होतं, त्याच अकाउंटने परत मिळतं.

काम आमच्याकडे देणार असाल तर मशीनसोबत चार्जर आणि बॅकअपसाठी डिस्क आणा. अकाउंटचा पासवर्ड आम्हाला सांगू नका, चिठ्ठीवर लिहूनही देऊ नका. लॉगिनच्या वेळी तुम्हीच टाका. ओटीपी येणारा फोन तेवढा सोबत असू द्या, आणि तो नंबर मुलाच्या नावावर पुण्यात असेल तर त्याला आधी फोन करून ठेवा.