देशी झाड आणि पाणी : एक खुलासा

‘देशी झाडाला पाणी घालावेच लागत नाही’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि त्यात तथ्याचा अंश असल्यामुळेच तो पटतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावरची करवंदाची जाळी उन्हाळा सोसते, कारण तिची मुळे खडकांच्या फटींतून खोल गेलेली असतात. ठाण्यातल्या गॅलरीत, 12 इंची कुंडीत लावलेल्या त्याच करवंदाच्या मुळांना मात्र जायला जागा नसते. जमिनीतल्या रोपालाही निदान पहिला उन्हाळा पाणी द्यावेच लागते. पाणी हवे की नाही याची खात्री करायची असल्यास मातीत दोन पेरे बोट खुपसावे. ओल लागली तर थांबावे, कोरडी लागली तर तळाच्या भोकातून पाणी झिरपेपर्यंत घालावे. केवळ पाने मलूल दिसली म्हणून पाणी ओतू नये, कारण पाणी जास्त झाले तरी ती तशीच दिसतात.