मुंबई ते लंडन, समुद्राच्या तळातून

परदेशाशी होणाऱ्या फोन-इंटरनेटचा विषय निघाला की बहुतेकांची नजर आभाळाकडे जाते. उपग्रहामुळेच हे सगळं चालतं, असा समज पक्का बसलेला आहे. प्रत्यक्षात खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून अधिक माहिती समुद्रतळावरच्या केबलमधून वाहते, आणि मुंबईत यातल्या कितीतरी केबल वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. तिथून युरोपकडे निघालेली केबल अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरते आणि इजिप्तमार्गे भूमध्य समुद्रात उतरते. मुंबईचे निरोप या वाटेने पहिल्यांदा गेले ते १८७० साली.

तार येण्याआधी बातमीचा वेग म्हणजे ती नेणाऱ्या माणसाचा, जनावराचा किंवा जहाजाचा वेग. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. नानासाहेब पेशव्यांना ती कळली सुमारे दहा दिवसांनी, भेलशाजवळ (आजचं विदिशा), एका सावकारी पत्रातून: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मुंबईत बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’ या आगबोटीला १८३० मध्ये मुंबईहून सुएझला पोहोचायला महिन्याहून जास्त दिवस लागले, आणि तेव्हा तेही वेगवानच मानलं गेलं.

जमिनीवरची तार तुलनेने लवकर आली. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ मध्ये कलकत्त्याला प्रयोग सुरू केले आणि १८५४ मध्ये कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरं तारेने जोडली गेली. खांबावरच्या उघड्या तारेभोवती हवा असते, आणि हवा वीज सहज वाहू देत नाही. खारं पाणी मात्र वीज वाहून नेतं. उघडी तार समुद्रात टाकली तर सगळा प्रवाह पाण्यातच जाणार.

यावरचा उपाय सापडला मलायाच्या जंगलात. गटापर्चा नावाचा झाडाचा चीक गरम पाण्यात मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि थंड झाल्यावर घट्ट बसतो. समुद्राच्या तळाशी, थंडीत आणि अंधारात, तो वर्षानुवर्षं टिकतो. तांब्याच्या तारेवर याचे थर चढवले आणि समुद्री केबल शक्य झाली. एका झाडातून चीक थोडाच निघे आणि तो काढण्यासाठी झाड तोडत, त्यामुळे जंगलंच्या जंगलं उजाड झाली. केबलच्या इतिहासात इंजिनीअरांची नावं हमखास येतात, या झाडांचा मात्र उल्लेखही नसतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

तरी एक अडचण उरली होती, आणि ती शास्त्रज्ञांनाही चकवणारी होती. आत तांबं, मध्ये चीक, बाहेर खारं पाणी अशी रचना झाली की केबल वीज साठवू लागते. एका टोकाला दिलेला झटका दुसऱ्या टोकाला झटका म्हणून पोहोचत नाही. तो पसरतो, हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखल्या गेलेल्या शास्त्रज्ञाने, याचं गणित मांडलं: केबलची लांबी दुप्पट झाली तर हा उशीर चौपट होतो. १८५८ ची अटलांटिक केबल संदेश नीट जाईनात म्हणून तिच्यात जास्त दाबाची वीज सोडली गेली, आणि काही आठवड्यांत ती बंद पडली. थॉमसन यांचं म्हणणं उलट होतं. वीज थोडीच सोडा, ती ओळखणारं उपकरण जास्त संवेदनशील करा.

ते उपकरण त्यांनी स्वतः घडवलं. नखाएवढा आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेली चुंबकाची बारीक चिपाटं, आणि हे सगळं तारेच्या वेटोळ्यात एका रेशमी धाग्यावर टांगलेलं. अंधाऱ्या खोलीत दिव्याची तिरीप आरशावर पाडायची. वेटोळ्यातून किंचित वीज गेली की आरसा केसभर वळे, पण समोरच्या पट्टीवरचा उजेडाचा ठिपका चांगला सरके. एका बाजूला सरकला तर टिंब, दुसऱ्या बाजूला सरकला तर रेघ. एक कारकून ठिपक्यावर नजर रोखून अक्षरं सांगे, दुसरा लिहून घेई.

१८७० च्या सुरुवातीला ‘ग्रेट ईस्टर्न’ हे त्या काळचं जगातलं सर्वांत मोठं जहाज मुंबईला आलं. उन्हाने पोटातली केबल तापू नये म्हणून ते पांढरं रंगवलेलं होतं. मुंबई ते एडन ही सुमारे तीन हजार किलोमीटरची केबल त्याने अंथरली. पुढचे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर हे टप्पे जोडून जूनमध्ये मुंबईची तार थेट इंग्लंडच्या पोर्थकर्नो किनाऱ्याला लागली. थेट म्हणजे एकसंध नव्हे. उशिराच्या त्या गणितामुळे प्रत्येक ठाण्यावर कारकून संदेश उतरवून घेऊन पुन्हा पुढे पाठवी. तरी आठवड्यांचं काम तासांवर आलं. लिव्हरपूलचा कापसाचा भाव आता मुंबईच्या व्यापाऱ्याला त्याच दिवशी कळू शकत होता. दर शब्दागणिक असल्यामुळे व्यापारी एकेका सांकेतिक शब्दात अख्खं वाक्य बसवू लागले.

पुढे रेडिओ आला. १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह केंद्र उभं राहिलं. पण भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तिथे जाऊन परत यायला संदेशाला पाव सेकंद लागतो. आजच्या समुद्री केबलमध्ये संदेश प्रकाशाच्या रूपात काचेच्या तंतूतून जातो. तिथे प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणून मुंबईहून लंडनला संदेश जाऊन त्याचं उत्तर यायला साधारण एक दशांश सेकंद पुरतो. चिकाची जागा आता पॉलिथिलीनने घेतली आहे आणि कारकुनाची जागा दर पन्नास ते शंभर किलोमीटरवर बसवलेल्या, क्षीण झालेल्या प्रकाशाचा जोर वाढवणाऱ्या प्रवर्धकांनी. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढीच जाड असते.

वाट जुनीच असल्याने तिच्या अडचणीही जुन्याच आहेत. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं. बहुतेक वेळा कारण असतं जहाजाचा नांगर किंवा मासेमारीची जाळी, म्हणून किनाऱ्याजवळ केबलवर पोलादी तारांचं चिलखत चढवून ती पुरतात. तुटल्याची जागा शोधायला किनाऱ्यावरून प्रकाशाचा स्पंद सोडतात. तो तुटलेल्या टोकावरून परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. मग दुरुस्तीचं जहाज तिथे जाऊन लोखंडी आकड्याने दोन्ही टोकं वर ओढतं, आणि डेकवरच्या खोलीत तंत्रज्ञ केसाएवढे तंतू विजेच्या ठिणगीने एकेक करून वितळवून जोडतात.